मशीन कंपनीचं, मग ब्लेड कुणाचं?

भावांनो, तुमच्यापैकी जे दुबई-शारजाकडे व्हिला मेंटेनन्स किंवा फिट-आउटच्या कामावर आहेत, त्यांना हे मशीन ओळखून दाखवायला नको. मनगटाएवढं जाड, हातभर लांब, पुढे चपटं पातं. ते गोल फिरत नाही. जागच्या जागी तीन-चार अंशांत डावी-उजवीकडे हलतं, पण मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा. डब्यावर मल्टीटूल लिहिलेलं असतं, दुकानदार मल्टीकटर म्हणतो, आमच्या कॅम्पात त्याचं नाव थरथऱ्या.

आधीच सांगतो, मी या मशीनच्या विरोधात नाही. मी चिपळूणकडचा, घरात सुतारकी. दाराची चौकट खालून कापायची म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. जुन्या लादीवर नवी लादी बसवायची असली की चौकटीचे पाय तेवढेच वर कापावे लागतात. पूर्वी गुडघ्यावर बसून, गाल जमिनीला टेकवून, करवत आडवी धरून अर्धा तास घासायचो आणि उरलेलं पटाशीने तासायचो. तरी कड वाकडीच. आता नव्या लादीचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, त्यावर पातं आडवं टेकवायचं आणि सरळ आत न्यायचं. लादी जेवढी जाड तेवढीच बरोबर उंची मिळते. दोन मिनिटं लागतात. कंबर वाचते, भिंतीचा रंग वाचतो, मॅडम खूश.

भांडण मशीनशी नाहीच. त्याच्यामुळे जो वेळ वाचला, जी माणसं वाचली, त्याचा फायदा कुणाला मिळाला आणि खर्च कुणाच्या अंगावर आला, यावर बोलायचं आहे.

जरा आठवा. सात-आठ वर्षांपूर्वी एखाद्या व्हिलाचं बाथरूम नव्याने करायचं असलं की गाडीतून किती जण उतरायचे? सुतार, टाइलवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि दोन हेल्पर. आज कितीदा एकटाच माणूस पिशवी घेऊन उतरतो. तोच टाइलमधला जुना ग्राउट खरवडतो, तोच बेसिनच्या कडेचं सिलिकॉन काढतो, जिप्समच्या भिंतीत स्विचबॉक्सचं भोक पाडतो, गंजलेला स्क्रू कापतो, कोपऱ्यात सँडिंग करतो. फक्त पातं बदलायचं. पाच कारागिरांचं काम एका हातात आलं. आता तुमचं काँट्रॅक्ट उघडून पाहा, हुद्द्यासमोर काय लिहिलंय? बहुतेकांच्या तिथे हेल्पर, क्लीनर नाहीतर नुसतं लेबर. पगारही त्याच शब्दाचा.

इथला कायदा याबाबत मुका नाही. संयुक्त अरब अमिरातीचा खासगी नोकऱ्यांचा कायदा २०२१ चा, क्रमांक ३३, लागू झाला २ फेब्रुवारी २०२२ ला. त्याचं १२ वं कलम सांगतं की काँट्रॅक्टमध्ये ठरलेल्या कामापेक्षा मुळातच वेगळं काम मालकाला लावता येत नाही. अपघात टाळायचा असेल किंवा झालेल्या अपघाताचं निस्तरायचं असेल तर लावता येतं, तेही तात्पुरतं. एरवी ठरलं नव्हतं असं काम द्यायचं असेल तर तुमची लेखी संमती पाहिजे. म्हणजे हेल्परने कधी पातं हातात धरूच नये असं नाही. पण रोज सुताराचं आणि टाइलवाल्याचं काम करून घ्यायचं आणि कागदावर हेल्परच ठेवायचं, हे चालवून घेऊ नका. निदान काँट्रॅक्ट नव्याने व्हायच्या वेळी हुद्दा बदलून मागा. तेव्हा नाही मागितलं तर मग पुढच्या वेळेपर्यंत बसा.

इथे एक बारीक गोष्ट. ऑफर लेटर तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे असा मंत्रालयाचा नियम २०१६ पासून आहे. त्या अकरा भाषांच्या यादीत मराठी नाही. हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, नेपाळी, बंगाली आहे. तेव्हा हिंदी प्रत मागा आणि हुद्द्याची ओळ बोट ठेवून वाचा. "सही करो, सब वही है" म्हणणाऱ्याला सांगा, वाचून करतो.

आता ब्लेडकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त कुरबुर तिथेच आहे.

या मशीनचा सगळा खर्च पात्यात असतो. मशीन एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं, पातं मात्र काडीपेटीसारखं संपतं. लाकडाचं साधं पातं एका खिळ्याला लागलं की दात गेले. बायमेटल खिळा सोसतं, पण तेही घाईत जोर लावला की तापून निळं पडतं. ग्राउटला कार्बाइडचं किंवा डायमंडचं अर्धगोल पातं लागतं आणि ते सगळ्यात महाग. त्यात बसवण्याचे प्रकार वेगवेगळे. २०१६ ला बॉश आणि फाइन या कंपन्यांनी स्टारलॉक आणलं, त्याची पाती कित्येक जुन्या मशीनवर बसत नाहीत. स्टोअरवाला स्वस्त पडतं म्हणून भलतंच पाकीट आणतो, ते साइटवर बसत नाही आणि उशीर झाला म्हणून बोलणी तुम्ही खाता.

माझ्याबरोबर काय झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका व्हिलात तीन बाथरूमचा ग्राउट काढायचं काम एकट्यावर आलं. पाच दिवसांत चार पाती गेली. महिन्याअखेर पगारातून १६० दिरहम कमी. विचारलं तर "टूल डॅमेज". माझे हात रात्री बधिर झालेले, नाकातून सिमेंटच्या रंगाचा शेंबूड, आणि वर नुकसान मीच केलं!

तेव्हा मी पहिल्यांदा कायद्याचं २५ वं कलम वाचून घेतलं. तिथे पगारातून काय कापता येतं याची यादीच आहे. कंपनीची हत्यारं, मशीन, माल तुमच्या चुकीने किंवा सूचना मोडल्यामुळे खराब झाला, तुटला, हरवला तर भरपाई कापता येते. पण महिन्याला पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नाही. जास्त कापायचं तर कोर्टाची परवानगी लागते. या यादीतली कारणं एकापेक्षा जास्त असली तरी सगळं मिळून निम्म्या पगाराच्या वर कापता येत नाही.

"चुकीने" हा शब्द नीट पाहा. मी पातं पाचव्या मजल्यावरून खाली टाकलं तर ती माझी चूक. टाइलवर बंदी असताना लाकडाचं पातं चालवलं तर तीही चूक म्हणता येईल. पण ग्राउट काढून काढून ग्राउटचं पातं झिजलं, यात माझी चूक कुठली? पातं झिजणं म्हणजेच काम होणं. रंग संपला म्हणून पेंटरच्या पगारातून डबा कापत नाहीत. सिमेंट वापरलं म्हणून गवंड्याकडून गोणीचे पैसे घेत नाहीत. मग पात्याचे का? कारण पातं हत्यारासारखं दिसतं, आणि हत्यार कारागिराचं असतं ही आपली गावाकडची समजूत. फोरमनला ती बरोबर माहीत आहे. गावात रंधा, पटाशी आपली असायची हे खरं, पण तिथे दरही आपण ठरवायचो. इथे दर त्यांचा, वेळ त्यांची, तर हत्यारही त्यांचंच.

मी ऑफिसात लिहून विचारलं, नुकसान कुठलं, माझी चूक कुठली, तेवढं लिहून द्या. उत्तर आलं नाही. १६० दिरहमही परत आले नाहीत, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर कुणाच्याच पगारातून पात्याचे पैसे कापले गेले नाहीत, आणि स्टोअरमध्ये पात्यांची वही सुरू झाली.

काही जण म्हणतील, एवढ्याशा पैशासाठी फोरमनशी वाकडं कशाला? मला हे पटत नाही. वीस जणांकडून दर महिन्याला "एवढेसे" कापले तर वर्षाची रक्कम काढून बघा. आणि काही जण तर त्याच्याही पुढे जातात. नैफ किंवा शारजाच्या बाजारातून स्वतःच्या पैशाने स्वस्तातलं मशीनच घेतात, कारण कंपनीचं जुनं झालंय. कौतुक कसलं करायचं? तुमच्या मशीनने केलेल्या कामाचं बिल कंपनी लावते. काहींना वाटतं, मशीन आपलं असलं की सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामंही करता येतील. परमिटशिवाय दुसऱ्याकडे काम करताना सापडलात तर दिवसाच्या दोनशे दिरहमसाठी नोकरी आणि व्हिसा दोन्ही पणाला लागतात. पार्ट-टाइम परमिट नावाची गोष्ट असते, त्या रस्त्याने जा.

पैशाचं एकवेळ भरून निघेल. छातीचं आणि हाताचं निघणार नाही, म्हणून आता तिकडे वळतो.

एक खेळ तुम्ही पाहिला असेल. नवा पोरगा आला की फोरमन किंवा कुणीतरी जुना मशीन चालू करतो, पातं तळहाताला लावतो आणि म्हणतो, बघ, कापत नाही. या खेळामागे थोडं सत्य आहे. हाड मोडल्यावर घातलेलं प्लास्टर डॉक्टर अशाच थरथरत्या करवतीने कापतात. फाइन कंपनीनेही १९६७ ला अशी करवत प्लास्टरसाठीच काढली होती. कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी पात्याबरोबर हलते म्हणून सहसा वाचते. पण ती करवत वेगळी, तिचे दात वेगळे. तुमच्या मशीनवर लाकडाचं जपानी दातांचं पातं चढवलेलं असताना हा खेळ केलात तर बोट जाईल. प्लंज कट करताना तर हमखास दुसरा हात पुढे येतो. तो मागे ठेवा. भिंतीत पातं घुसवायच्या आधी त्या लाइनचा ब्रेकर स्वतः पाडा आणि टेस्टर लावून बघा. "लाइट बंद आहे" या वॉचमनच्या शब्दावर हात घालू नका.

धुळीचं मात्र जास्त वाईट आहे, कारण ती लगेच काही करत नाही.

ग्राइंडर लावला की धुळीचा लोट उठतो, माणूस घाबरतो, खिडकी उघडतो. हे मशीन थोडी थोडी धूळ काढतं, म्हणून सगळे निर्धास्त. वाळू, सिमेंट, टाइल, ग्राउट, सगळ्यात सिलिका असते. तिचे जे कण डोळ्याला दिसतात ते नाकात अडकतात. जे दिसत नाहीत तेच फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि ज्याला तो झाला त्याला टीबी व्हायची भीती वाढते. स्वयंपाकघराचे जे चकचकीत क्वार्ट्झचे ओटे बसवता, त्यातल्या कित्येकांत नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असते. त्यापायी इतकी तरुण माणसं आजारी पडली की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो बनावट दगडच बंद केला. आपण इकडे बंद बाथरूममध्ये, एक्झॉस्ट बंद, दाराला प्लास्टिक लावून (मॅडमच्या सोफ्यावर धूळ जायला नको), तोंडाला रुमाल बांधून बसतो.

रुमालाने काही होत नाही. निळ्या सर्जिकल मास्कनेही नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ च्या खालचा घेऊ नका. दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. मशीनला व्हॅक्यूमचा पाइप लावता येतो, बारीक फिल्टरवाला व्हॅक्यूम मागा. काम झाल्यावर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि इथे आल्यावर व्हिसाच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे काढला होता ना? त्या फोटोवर तुमचा इथे राहण्याचा हक्क ठरतो. धूळ कंपनीच्या कामाची, पण फिल्म तुमच्या नावाची.

हाताचं सांगतो. थरथरणारं मशीन तासन्‌तास घट्ट धरलं की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग गारठ्यात बोटं पांढरी पडतात. गल्फमध्ये गोची अशी की गारठाच नाही, त्यामुळे पांढरेपणा दिसत नाही. सुट्टीत डिसेंबरला गावी जाता, पहाटे विहिरीच्या पाण्यात हात घालता आणि मग कळतं. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकत असतील तर डॉक्टरला मशीनचं नाव सांगूनच दाखवा, नाहीतर तो व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊन पाठवेल.

आपल्यातले जे ब्रिटनमध्ये घरदुरुस्तीच्या कामावर आहेत त्यांच्याकडे याचा २००५ चा नियमच आहे. आठ तासांच्या हिशोबाने थरथर २.५ झाली की मालकाला उपाय करावे लागतात, आणि ५ च्या वर जाऊच द्यायची नाही. हे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात असतात. मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो. समजा तो ७ आहे. मग २.५ ची मर्यादा साधारण एका तासातच गाठली जाते, आणि चार तासांत ५ ची. तास म्हणजे पातं चालू असलेला वेळ, चहाचा नाही. तो नियम दुबईत लागू नाही, पण हात तोच आहे. त्या पाच दिवसांत मी रोज सहा तास ते धरून होतो. काम वाटून घ्या, तासाभराने मशीन दुसऱ्याच्या हाती द्या. बोथट पात्याने थरथर वाढते आणि जोरही जास्त लावावा लागतो. पातं मागणं म्हणजे हातासाठी मागणं आहे, हेही फोरमनला सांगा.

अमिरातीतला कायदा दुखापतीबरोबर कामामुळे झालेला आजारही धरतो. ३७ व्या कलमाप्रमाणे उपचाराचा खर्च मालकाचा. उपचार चालू असताना सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यातही बरं नाही वाटलं तर पुढचे सहा महिने अर्धा. पण सुरक्षेच्या सूचना साइटवर लावलेल्या असतानाही तुम्ही जाणूनबुजून मोडल्यात तर भरपाई अडू शकते. म्हणून मास्क दिलेला असेल तर खिशात ठेवू नका. दिलेला नसेल तर मागितल्याचा पुरावा ठेवा.

वेळेचंही बोलायला हवं. बऱ्याच बिल्डिंगमध्ये ड्रिल-हातोड्याच्या कामाला ठरावीक वेळ असते. हे मशीन त्यामानाने कमी आवाज करतं, म्हणून दिवसभर ग्राइंडर चालवून संध्याकाळी सहानंतर "फक्त थोडं कटिंग" म्हणून थरथऱ्या हातात दिला जातो. ते थोडं कटिंग ओव्हरटाइम आहे. दिवसाला दोन तासांच्या वर नाही, आणि साध्या दरापेक्षा २५ टक्के जास्त. रात्री दहा ते पहाटे चार असेल तर ५० टक्के जास्त. (शिफ्टवाल्यांना रात्रीचं हे ५० लागू नाही.) कामाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही वेळा साइटचा फोटो काढा. फोनमध्ये वेळ आपोआप पडते.

आणि पुरावा म्हणजे फार मोठं काही नाही. संपलेलं पातं फेकू नका. दात दिसतील असा फोटो काढा आणि स्टोअरवाल्याच्या व्हॉट्सअपवर टाका. कॉल करू नका, कॉलचा कागद होत नाही. पगारातून कापलंच तर आधी कारण लेखी मागा. नाही दिलं तर मंत्रालयाचा तक्रारीचा नंबर ८००८४ आहे, हिंदीतून बोलता येतं. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादाचा निकाल २०२४ पासून मंत्रालयच देतं, लगेच कोर्टात पळावं लागत नाही. एकट्याने जायला भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून जा. मी एकट्याने पत्र दिलं होतं, तेव्हा आठवडाभर झोप नव्हती.

मी पाठवतो तो मेसेज असा असतो, हवा तर उचला: "भाई, ग्राउट का ब्लेड खतम, फोटो भेजा है। दो ब्लेड और एन-९५ मास्क चाहिए, कल सुबह काम शुरू करने से पहले।" खाली साइटचं नाव आणि तारीख. स्टोअरवाला बहुतेक वेळा "ठीक है" एवढंच लिहितो. त्याचाही स्क्रीनशॉट काढून ठेवा.